‘सत्याचे प्रयोग’ ही प्रयोगवही म्हणून वाचली तर?

पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसायचं आहे, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर संशोधनपद्धतीचं जाडजूड पुस्तक उघडण्याआधी एक वेगळंच पुस्तक हातात घ्या, असं मी सुचवेन. गांधींचं ‘सत्याचे प्रयोग’. घरात कुठल्यातरी कपाटात ते असतंच. निबंध स्पर्धेत बक्षीस मिळालेलं, बहुतेक वेळा पहिल्या तीस पानांपुढे न गेलेलं. मराठी अनुवाद सीताराम पुरुषोत्तम पटवर्धनांचा आहे, म्हणजे कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पा पटवर्धन.

हे पुस्तक आपल्याला आत्मचरित्र म्हणून दिलं जातं आणि आपण ते थोरामोठ्यांची गोष्ट म्हणून वाचतो. पण लेखकाने नावातच ‘प्रयोग’ हा शब्द घातला आहे. शब्द वापरला की जबाबदारी आली. म्हणून या लेखात मी ते पुस्तक तसंच तपासणार आहे, जसं एखाद्या ज्युनिअरची लॅब नोटबुक तपासतात. सगळं नाही. फक्त उपवास आणि संयमाची प्रकरणं: तिसऱ्या भागातली ब्रह्मचर्याची दोन, चौथ्या भागातली साधारण एकोणतिसाव्यापासूनची, आणि पाचव्या भागातलं आजारपणाचं एक. हीच का? कारण माझं रोजचं काम यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवण्याचं आहे. नायट्रोजन नसलेल्या माध्यमात पेशी टाकायच्या आणि काही तासांनी त्यांच्या आत काय झालं ते बघायचं. माझी पेशी मला सांगत नाही की तिला आज शांत वाटलं की चिडचिड झाली. गांधींचा नमुना बोलतो, आणि तो स्वतःच प्रयोगकर्ता आहे. अडचण तिथेच सुरू होते.

सुरुवात प्रस्तावनेपासून करा. ती बरेच जण गाळतात. त्यात गांधी स्वतःची तुलना वैज्ञानिकाशी करतात: तो अतिशय काटेकोरपणे, विचारपूर्वक प्रयोग करतो, तरी आपले निष्कर्ष अंतिम आहेत असा दावा करत नाही, मन मोकळं ठेवतो, माझाही दावा तेवढाच आहे, असा त्यांचा सूर. प्रस्तावनेखाली तारीख आहे २६ नोव्हेंबर १९२५. आणि २४ नोव्हेंबरला साबरमती आश्रमात त्यांचा सात दिवसांचा उपवास सुरू झाला होता. म्हणजे प्रयोगाच्या वृत्तीबद्दलची ही पानं प्रयोग चालू असताना, पोटात अन्न नसताना लिहिलेली आहेत. पुस्तकात याचा गाजावाजा नाही, तारखा जुळवल्या की कळतं. ही सवय लावून घ्या. कुठल्याही मजकुराखाली तारीख असेल तर त्या आठवड्यात लेखक काय करत होता ते बघायचं.

प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट आहे, माझ्या मते सर्वात महत्त्वाची. ते म्हणतात की काही अनुभव फक्त माणूस आणि त्याचा निर्माता यांच्यातले असतात, सांगता न येणारे. ते मी इथे सांगणार नाही. इथले प्रयोग आध्यात्मिक आहेत, पण आध्यात्मिक म्हणजे नैतिक. बघा, काय केलं त्यांनी? जे मोजता येत नाही ते बाजूला ठेवलं आणि ज्याची निदान चर्चा होऊ शकते त्याला आपल्या शब्दाची व्याख्या केलं. वागणुकीतला फरक हा निकष. सिनॉप्सिसमध्ये आपण ‘कार्यात्मक व्याख्या’ म्हणून जो परिच्छेद नाइलाजाने भरतो, तो यापेक्षा बरा नसतो.

आता व्याख्येचा विषय निघालाच आहे तर मराठीकडे बघू. न खाण्याला आपल्याकडे किमान चार शब्द आहेत. उपवास, उपोषण, लंघन, उपासमार. शिवाय ‘उपाशी राहणं’ आहेच. लंघन वैद्य सांगतो, ताप आला की. उपोषण कोणाच्या तरी विरोधात असतं आणि त्याला मंडप लागतो. उपासमार लादलेली असते. उपवास निवडलेला असतो, आणि शब्दाच्या पोटात ‘जवळ राहणं’ आहे, कोणाच्या जवळ ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग वर साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’. शरीराच्या दृष्टीने पहिले चार जवळपास सारखेच असू शकतात: ग्लुकोज कमी, इन्शुलिन खाली, यकृतातला ग्लायकोजेनचा साठा साधारण दिवसभरात संपत आलेला. फरक आहे तो कोणी, का, कोणासाठी यात. उपवासावर संशोधन करणारा पहिला गोंधळ इथेच घालतो. एका शब्दाखाली चार गोष्टी गोळा करतो, किंवा चार शब्द आहेत म्हणून चार वेगळी शरीरं मानतो.

गांधींच्या वहीत हे चारही प्रकार सापडतात, आणि ते बऱ्यापैकी वेगळे ठेवलेले आहेत. लहानपणी आई पुतळीबाईंचा चातुर्मास, सूर्य दिसल्याशिवाय जेवायचं नाही असं व्रत. मुलं आभाळाकडे डोळे लावून बसायची, सूर्य दिसला की ओरडायची, आई बाहेर येईपर्यंत ढग परत आलेला असायचा, आणि ती काही झालं नाही अशा चेहऱ्याने कामाला लागायची. हा झाला उपवास, कुठलाही दावा नसलेला. मग तब्येतीसाठी केलेले उपास, ज्याला आपण लंघन म्हणू. मग दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, संयमासाठी ठरवून केलेले. मग फिनिक्सला प्रायश्चित्त म्हणून: आश्रमातल्या दोघांच्या नैतिक घसरणीची बातमी आल्यावर सात दिवस उपवास आणि पुढे साडेचार महिने एकभुक्त. त्यानंतर काही काळाने चौदा दिवसांचा. आणि १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी संपातला तीन दिवसांचा. तिथे ते स्वतःच नोंदवतात की मालकांशी माझे इतके जवळचे संबंध होते की त्यांच्यावर दडपण आल्याशिवाय राहिलं नाही, आणि हा या उपवासातला दोष होता. संप मिटला, म्हणजे ‘रिझल्ट’ आला, तरी पद्धतीत खोट होती असं लिहिणारा माणूस आहे हा. किती पेपरांमध्ये तुम्हाला असं वाचायला मिळतं?

इथवर कौतुक झालं. आता वही तपासू.

संयमाच्या प्रकरणांमधला मुख्य दावा असा आहे: आहार कमी केला, साधा केला, अधूनमधून पूर्ण सोडला, तर वासना आटोक्यात येतात आणि मन वर उठतं. १९०६ साली त्यांनी ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं, आणि पुढचे आहाराचे बरेचसे प्रयोग त्या व्रताला टेकू म्हणून आहेत. डाळ आणि मीठ सोडलं. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर कॅलनबाख यांच्याबरोबर दूध सोडलं. लगेच फळांवर आले, तीही स्वस्तातली: भुईमुगाचे दाणे, केळी, खजूर, लिंबू, ऑलिव्ह तेल. एकादशी, एकभुक्त, रमझानात मुसलमान मुलांना सोबत म्हणून दिवसभर न खाणं. त्याच काळात अंगमेहनत, शेती, मैलोन्‌मैल चालणं, तुरुंगवास, सत्याग्रह, आणि एका ध्येयाने झपाटलेली माणसं अवतीभोवती.

दिसतंय ना? एका वेळी किती गोष्टी बदलल्या? ते सांगतात की फळं-दाण्यांवर होतो तेव्हा ब्रह्मचर्य सहज होतं, पुढे दूध सुरू झाल्यावर ते कष्टाचं झालं. निरीक्षण म्हणून मला ते खरं वाटतं, त्यात खोटं बोलण्याचं कारण नाही. पण दूध परत सुरू झालं तेव्हा देश बदलला होता, वय पन्नाशीला आलं होतं, मोठं आजारपण झालं होतं, कामाचं स्वरूप बदललं होतं. दूध हा एकच फरक नव्हता. माझ्या लॅबमध्ये मी माध्यम, तापमान आणि पेशींची जात एकदम बदलून ‘नायट्रोजनमुळे झालं’ असं म्हटलं तर मला लॅब मीटिंगमध्ये कोणी पुढच्या स्लाइडवर जाऊ देणार नाही.

आणि हे गांधींना कळत नव्हतं असंही नाही. मला या पुस्तकातला सगळ्यात आवडणारा परिच्छेद कस्तुरबांच्या आजारपणाचा आहे. त्यांना रक्तस्राव होत होता, जलोपचार लागू पडेनात. गांधींनी डाळ-मीठ सोडायला सुचवलं. कस्तुरबा म्हणाल्या, तुम्हाला तरी हे सोडता येईल का? यावर गांधींनी तिथल्या तिथे वर्षभरासाठी दोन्ही सोडून टाकलं. त्या गयावया करत राहिल्या की शब्द मागे घ्या, पण यांनी ऐकलं नाही. शेवटी त्यांनीही सोडलं, आणि रक्तस्राव थांबला. आता इथे ‘डाळ-मीठ सोडल्याने बरं वाटतं’ असा निष्कर्ष ठोकून देता आला असता. ते काय करतात? शक्यता मोजतात: आहारामुळे असेल, त्याबरोबर झालेल्या बाकी बदलांमुळे असेल, बाकीचे नियम मी कडकपणे पाळायला लावले त्यामुळे असेल, किंवा या प्रसंगातून मनाला जो आनंद झाला त्याचा परिणाम असेल, कशाचा किती वाटा ते सांगता येत नाही. गोंधळात टाकणारे घटक यापेक्षा नीट मांडता येत नाहीत. अगदी प्लासिबोसुद्धा यादीत आहे, नाव न घेता.

पण त्याच प्रकरणात पुढे ते घसरतात. वैद्यकीयदृष्ट्या या आहाराबद्दल दोन मतं असतील, पण नैतिकदृष्ट्या कोणताही स्वार्थत्याग आत्म्याला हितकारकच असतो याबद्दल मला शंका नाही, असा त्यांचा निवाडा आहे. प्रस्तावनेतलं मोकळं मन इथे बंद झालं. ‘कोणताही’ आणि ‘शंका नाही’ हे दोन शब्द तुमच्या मसुद्यात एकत्र आले तर लाल पेन उचला. इथे निकाल प्रयोगाआधीच लागलेला आहे. डाळ सोडून तब्येत सुधारली तर उत्तम, नाही सुधारली तरी आत्म्याचं भलं झालंच.

याहून अवघड जागा उपवासाच्या प्रकरणात आहे, आणि तिथे जरा थांबू. दूध सोडल्यावर, उपवास वाढवल्यावर गांधींना काय दिसलं? शरीर हलकं झालं तशी जेवणाची गोडी वाढली, भूक तीव्र झाली. एक पदार्थ सोडून दुसरा घेतला तर तो दुसरा आधीच्यापेक्षा जास्त चवदार लागू लागला. त्यांच्या लक्षात आलं की उपवास हे संयमाचं जेवढं साधन आहे तेवढंच भोगाचंही होऊ शकतं. हा त्यांच्या गृहीतकाच्या थेट विरुद्ध जाणारा निकाल, आणि तो त्यांनी लपवलेला नाही. आपल्याबरोबर उपवास करणाऱ्या काही मित्रांची वासना आणि जीभ उपवासानंतर उलट खवळली, हेही लिहून ठेवलं आहे.

याच्याशेजारी एक दुसरी वही ठेवते. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग सुरू केला. युद्धात उपाशी राहिलेल्या युरोपातल्या लोकांना परत खायला कसं घालायचं, हे शोधण्यासाठी. हे तरुण कोण होते? युद्धावर जायला सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले, बरेचसे शांततावादी ख्रिस्ती पंथांतले, लोकांच्या उपयोगी पडावं म्हणून स्वतःहून आलेले. म्हणजे हेतू शुद्ध, त्याग स्वेच्छेचा. बारा आठवडे नेहमीचं जेवण आणि मोजमाप, मग चोवीस आठवडे जवळपास निम्मं अन्न. वजन सरासरी पाव हिस्सा घटलं. कामवासना ओसरली, ही गांधींच्या दाव्याशी जुळणारी गोष्ट. पण त्याबरोबर ज्ञान, प्रेम, राजकारण सगळ्यातलं लक्ष उडालं आणि डोक्यात फक्त अन्न उरलं. माणसं पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, गोळा करायला लागली. घासाघासाचा वेळ लांबवायला लागली. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा. याचा १९५० मध्ये आलेला दोन खंडांचा ग्रंथ आजही उपासमारीवरचा मूळ संदर्भ मानला जातो.

दोन वह्या एकत्र वाचल्या की प्रश्न उभा राहतो: मिनेसोटातल्या तरुणांना अन्नाने झपाटलं, मग फिनिक्सच्या माणसाला साडेचार महिने एकभुक्त राहून शांत कसं वाटलं? घाईत तुलना करू नका. तिथे चोवीस आठवडे सलग अर्धपोट. इथे पूर्ण उपवास काही दिवसांचे आणि मध्ये एकवेळ पण बहुधा पोटभर. हे दोन वेगळे चयापचय आहेत. पूर्ण उपवासात दोन-तीन दिवसांनंतर रक्तात कीटोन वाढतात. बोस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये दाखवलं की पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या स्थूल रुग्णांचा मेंदू मोठ्या प्रमाणावर या कीटोनवर चालत होता. तोपर्यंत मेंदूला ग्लुकोजच लागतं असं मानत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भूक मंदावते असं दीर्घ उपवास करणारे अनेक जण सांगतात. ती शांतता नामस्मरणाची की कीटोनची, हे एका माणसाच्या एका उपवासातून वेगळं काढताच येत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी सुरू होतात. आणि ‘कीटोनचीच’ असं म्हणणारा विज्ञानाचा विद्यार्थी हा ‘नामाचीच’ म्हणणाऱ्याइतकाच पुराव्याच्या पुढे धावतोय, हे आपल्या बाजूच्या लोकांना सांगावं लागतं.

गांधी या विसंगतीतून बाहेर कसे पडतात? गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या मदतीने. निराहार माणसाचे विषय दूर होतात पण त्यांची गोडी राहते, ती परमतत्त्वाच्या दर्शनानेच जाते, या अर्थाचा तिथला एकोणसाठावा श्लोक. त्यांचा निष्कर्ष: शरीराच्या उपवासाबरोबर मनाचा उपवास हवा, नाहीतर उपयोग नाही. अनुभव म्हणून हे मला पटतं. घरात आई दर संकष्टीला काय करते आणि शेजारी काय करतात यात मला हाच फरक दिसत आला आहे. पण संशोधनातलं विधान म्हणून त्यात एक सापळा आहे. उपवास केला आणि वासना शमली, तर मन त्यात होतं. उपवास केला आणि वासना खवळली, तर मन त्यात नव्हतं. मन होतं की नव्हतं हे कशावरून ठरवायचं? वासना शमली की नाही यावरून. मग हे विधान खोटं ठरायला जागा कुठे राहिली? कार्ल पॉपर यांचं नाव तुम्ही पेटच्या तयारीत पाठ केलं असेल, वस्तुनिष्ठ प्रश्नात येतं म्हणून. त्यांचा मुद्दा प्रत्यक्षात असा दिसतो.

यातून वाट काढता येते. मनाची तयारी उपवासाआधी नोंदवायची, परिणाम उपवासानंतर, आणि दोन नोंदी वेगवेगळ्या माणसांनी करायच्या. टॉलस्टॉय फार्मवर हे शक्य होतं. बरोबर उपवास करणारी माणसं होती. ते झालं नाही. फार्मवरच्या बाकीच्यांना किती लाभ झाला हे मला नक्की माहीत नाही, मला स्वतःला शरीराने आणि मनाने खूप झाला, पण सगळ्यांवर असाच परिणाम होईल असं नाही, अशी नोंद गांधी करतात. प्रामाणिक नोंद. नमुना एक, तोही स्वतः. त्याची मर्यादा मान्य केलेली. एवढी मान्य केल्यावरही पुढच्या पिढ्यांनी त्यातून सार्वत्रिक आरोग्यसल्ला काढला, तो दोष वहीचा नाही.

तसाच एक सल्ला हल्ली फोनवर फिरतो: जपानच्या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं, सिद्ध झालं, आपली एकादशी वैज्ञानिक आहे. हे माझ्या अगदी अंगणातलं असल्यामुळे दोन वाक्यं बोलतेच. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी मिळालं, आणि त्यांचे ते पायाभूत प्रयोग यीस्टवर होते: पचन करणारी एन्झाइम काढून टाकलेल्या पेशी उपाशी ठेवल्यावर रिक्तिकेत न पचलेले पुंजके साचताना त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि मग ती यंत्रणा बंद पडलेले उत्परिवर्ती शोधले. माणसाने पंधरा दिवसांतून एकदा भगर खावी की नाही, याबद्दल त्या पेपरांत काहीही नाही. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्याने असा मेसेज वाचून कडक उपास धरला तर त्याला प्रत्यक्ष धोका आहे. आणि धार्मिक बाजूनेही मला हा प्रकार विचित्र वाटतो. पुतळीबाईंना ढगाआडच्या सूर्यासाठी स्टॉकहोमचं प्रमाणपत्र लागलं नव्हतं.

वहीतली आणखी एक उणीव आहे, आणि ती तांत्रिक नाही. तुम्हाला लवकरच नैतिकता समितीचा फॉर्म भरायचा आहे, म्हणून मुद्दाम सांगते. या प्रयोगांत गांधी एकटे नमुना नव्हते. मुलं होती, आश्रमवासी होते, आणि कस्तुरबा होत्या. डाळ-मिठाचा प्रसंग गांधी सत्याग्रहाची गोड आठवण म्हणून सांगतात. तोच प्रसंग त्यांच्या बाजूने वाचा: आजारी बाई, तिने एक वाक्य बोलून गेलं, आणि नवऱ्याने वर्षभराचं व्रत घेऊन ते वाक्य तिच्यावर उलटवलं. यानंतर ‘नाही’ म्हणायला किती जागा होती? ‘स्वेच्छेने’ हा शब्द फॉर्ममध्ये लिहिणं सोपं असतं. प्रायश्चित्ताच्या उपवासातही तेच. ज्या दोघांच्या चुकीसाठी आश्रमाच्या प्रमुखाने सात दिवस अन्न सोडलं, त्या दोघांच्या मनावर काय बसलं असेल? वातावरण निवळलं असं वहीत आहे. त्या दोघांची नोंद नाही. मला गांधींचं मोठेपण नाकारायचं नाही, पण संयमाने मिळालेल्या समाधानाचा हिशेब मांडताना ते समाधान कोणाच्या खात्यावर उधार होतं, हेही बघितलं पाहिजे.

आपल्या क्षेत्रात हे फार लांबचं नाही. होस्टेलवर दर वर्षी असा एक सीनियर असतोच जो दुपारचं जेवण गाळतो, चार तास झोपतो, सणाला घरी जात नाही, आणि याला ‘साधना’ म्हणतो. नव्या मुलांना वाटतं की हेच संशोधन. स्वतः निवडलं असेल तर एखाद्याला त्यात खरंच आनंद मिळतो, मी तो पाहिला आहे. पण फेलोशिप पाच महिने आली नाही म्हणून मेस बंद झाली, तर ती साधना नाही. तिला वर सांगितलेल्या चार शब्दांपैकी कोणता शब्द लागतो ते तुम्हीच बघा, आणि तोच वापरा.

शेवटची नोंद दुधाची. १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधी आमांशाने इतके खालावले की वाचतील असं त्यांना वाटेना. मुंबईच्या डॉक्टर दलालांनी सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधी म्हणाले, दूध न घेण्याचं व्रत आहे. व्रतामागचं कारण काय? गाई-म्हशींवर होणारे अत्याचार. बाजूला उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टरांनी तो धागा पकडला आणि गांधींनी ऐकलं. व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मोडला, असं ते स्वतः लिहितात, आणि जगण्याची इच्छा सत्यावरच्या निष्ठेपेक्षा बलवान ठरली याची टोचणी आपल्याला अजून आहे असंही. अनेक वर्षांच्या प्रयोगमालेचा हा असा निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला, तोही साप्ताहिकात, प्रत्येक आठवड्याला लोक वाचत असताना. ‘नवजीवन’मध्ये हे लेखन १९२५ ते १९२९ असं क्रमशः आलं.

मात्र शेळीच्या दुधाची टोचणी मला वहीतल्या सगळ्या यशापेक्षा जास्त उपयोगाची वाटते, आणि त्याचं कारण पद्धतीचंच आहे. व्रत कशासाठी होतं? प्राण्यांच्या हालांसाठी, वासनेसाठी, की गरिबासारखं जगण्यासाठी? १९१२ मध्ये तिन्ही कारणं एकत्र बांधली होती. कस्तुरबांनी एका प्रश्नात ती गाठ सोडली: पहिलंच कारण असेल तर शेळी चालते. वासनेचं कारण असेल तर शेळीही चालत नाही. हा प्रश्न व्रत घेतानाच कोणी विचारला असता तर कदाचित व्रताचे शब्दच वेगळे झाले असते. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये उद्दिष्टं तीन आणि गृहीतक एक असं झालं असेल, तर ते घरच्या एखाद्या माणसाला, विषयातल्या नव्हे, वाचून दाखवा.

पुढच्या लेखात केहिल यांचा १९६७ चा पेपर तक्त्यांसकट वाचू. नमुना तीन जणांचा होता, आणि तरी तो का टिकला, हे बघण्यासारखं आहे. तोपर्यंत चौथ्या भागातली एकोणतीस ते एकतीस ही तीन प्रकरणं पेन्सिल घेऊन वाचा. जिथे निरीक्षण आहे तिथे एक खूण, जिथे निष्कर्ष आहे तिथे दुसरी. माझ्या प्रतीत एकतिसाव्या प्रकरणात दोन्ही खुणा एकाच ओळीवर आल्या आहेत, अशा तीन जागा आहेत. तुमच्या कुठे येतात ते कळवा.